दार ठेवलंय, आत्या

आत्या, तुझं तेरावं झालं आणि पुढच्याच आठवड्यात माझ्या थिसिसची ज्युरी, म्हणजे परीक्षकांपुढची तोंडी परीक्षा, होती. कॉलेज तारीख पुढे ढकलायला तयार होतं, मीच नको म्हटलं. आजोबांचे दिवस उरकल्याबरोबर तू बाबांना ऑफिसला पिटाळलं होतंस, हे मला पक्कं आठवतंय. माझ्यासाठी तू वेगळा नियम काढशील असं मला वाटलं नाही.

पाच वर्षं तू माझी प्रत्येक इमारत मांडीवर घेऊन मुलुंडहून अंधेरीला आलीस. त्यामुळे या वेळी मॉडेल कोणाच्या मांडीवर जाणार, हा घरातला पहिला प्रश्न होता. दुसरा प्रश्न फक्त मला छळत होता. त्या इमारतीतल्या खोल्यांना दारं ठेवायची की नाही? त्यावरचं आपलं भांडण तू अर्धवट टाकून गेलीस, आणि ज्युरीसमोर काहीतरी एक उत्तर घेऊन उभं राहणं मला भाग होतं.

आर्किटेक्चरच्या मुलांना लोक विचारतात, अभ्यास अवघड असतो का. अभ्यास एक वेळ जमतो. पुठ्ठ्याची आणि फोमची इमारत धक्का न लागता कॉलेजात पोचवणं जमत नाही. पहिल्या सबमिशनला मी दारात उभी होते, एका हातात मॉडेल, काखेत ड्रॉइंगची नळी, पाठीवर सॅक, आणि चप्पल कशी घालायची याचा विचार करत होते. तू कॉटवरून बघत होतीस. "दोन हात आणि तीन वस्तू. तुमच्या कॉलेजात गणित नाही का घेत?" असं म्हणालीस, गाऊनवर ओढणी घेतलीस आणि तशीच खाली उतरलीस. रिक्षात बसल्यावर मांडी पसरून म्हणालीस, "ठेव इथे." पवई गेलं, अंधेरी आलं, आणि अख्ख्या कॉलेजने तुला त्या फुलाफुलांच्या गाऊनमध्ये पाहिलं. पुढच्या वेळेपासून तू सबमिशनला लग्नाला जावं तशी नटून यायला लागलीस. आई म्हणायची, "ताई, परीक्षा तिची आहे." तू म्हणायचीस, "मिरवणूक माझी आहे."

त्याच रस्त्याने येऊनजाऊन तू अख्खी नोकरी केलेली. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांच्या कंपनीत टेलिफोन ऑपरेटर. मी कॉलेजला लागले त्याच्या आदल्या वर्षी तू निवृत्त झालीस, आणि मला वाटतं, घरी बसून तुझा जीव कंटाळला होता. रिक्षावाल्याशी तुझं बोलणं भांडुप यायच्या आत सुरू व्हायचं. तो कुठला, गावाला कोण, मुलं काय करतात, हे सगळं विचारून झालं की तू मांडीवरच्या पुठ्ठ्यावर बोट ठेवून सांगायचीस, "माझ्या भाचीने बांधलंय. जरा खड्डे चुकवून घ्या." आणि ते चुकवायचे. मी एकटी सांगायचे तेव्हा कोणी चुकवत नसे.

पहिला प्रोजेक्ट होता 'एका माणसासाठी घर'. माणूस खरा, आपल्या ओळखीतला हवा, अशी अट होती. वर्गात कोणी चित्रकार घेतला, कोणी गिर्यारोहक, एकीने तर संन्यासी घेतला. मी तुला घेतलं. मला वाटलं, आयुष्यभर जिची कॉट हॉलमध्ये दाराशेजारी आहे, जिच्या उशाशी इस्त्रीचे कपडे येऊन पडतात आणि पायाशी शेजारच्या काकू येऊन बसतात, तिला द्यायचा तर एकांतच द्यावा. मी तुला जुहूला, समुद्राकडे तोंड करून, एकच खोली दिली. चार भिंती, एक मोठी खिडकी, एक जड दार. तू चष्मा लावून सगळीकडून पाहिलंस.

"झकास आहे. पण बेल कुठाय?"

"बेल कशाला?"

"कोणी आलं तर?"

"आत्या, कोणी येणारच नाहीये. तीच कन्सेप्ट आहे."

"मग चहा कोणाला करू?" तू खरंच विचारात पडलीस. मग चिडल्यावर यायची ती मालवणी आली. "माका नको गो असला घर. समुद्र बघून झाल्यावर पुढे काय करायचं?"

मी तुला एकांत, प्रायव्हसी, स्वतःची स्पेस असं बरंच काही ऐकवलं. पहिल्या सेमिस्टरचं सगळं ज्ञान ताजं होतं. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "माझी स्पेस आहे की. ही कॉट." मी म्हटलं, ती स्पेस नाही, ती येण्याजाण्याची वाट आहे. तू म्हणालीस, मग काय बिघडलं? तिथून जे आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत पुरलं. मी दहावीत होते तेव्हा बाबांनी गॅलरी बंद करून तुझ्यासाठी छोटी खोली काढली होती आणि तू परस्पर माझं कपाट तिथे हलवून मोकळी झाली होतीस, हा पुरावा तू त्यात दर वेळी काढायचीस. "खोली मिळत होती तेव्हा मी नाही घेतली. आता तू पुठ्ठ्याची देतेयस."

दुसऱ्या वर्षाच्या वाचनालयाची गोष्ट कॉलेजात अजून सांगतात. नाहूरला स्टेशनजवळ एक लहानसं, दोन मजली वाचनालय. पवईच्या स्पीडब्रेकरवर रिक्षा उडाली आणि आतला जिना निखळून तुझ्या हातात आला. मी पुढचा सीन डोळ्यांपुढे आणून रडायच्या बेतात होते. मला फोन आला म्हणून मी दोन मिनिटं तोंड फिरवलं, तेवढ्यात तू पर्समधला गम काढून जिना बाहेरच्या भिंतीला चिकटवून टाकलास. चिकटवलास तो असा, की वर चढून गेलं की माणूस थेट खिडकीशी जाऊन थांबेल. गम वाळला. काढायला गेले असते तर भिंत आली असती.

ज्युरीत सामंत सर बराच वेळ मॉडेलकडे बघत राहिले. "प्लॅनमध्ये जिना आत आहे."

"हो सर."

"आणि इथे बाहेर आहे."

"सर, तो माझ्या आत्याने पवईला लावला."

वर्ग हसायचा थांबेना. सरांनी तुला बाहेरून आत बोलावलं. तू जांभळ्या पैठणीत, पर्स छातीशी धरून, अजिबात न घाबरता आलीस. सर म्हणाले, "बाई, हा माणूस खिडकीतून आत जाणार का?" तू म्हणालीस, "खिडकी मोठी करा ना. तुमच्या हातातलंच काम आहे." सर म्हणाले, आणि पावसात बाहेरून चढायचं? तू म्हणालीस, लोकांकडे छत्र्या असतात. सरांनी मग तुला पुस्तकं भिजतात, जिन्यावर शेवाळ धरतं, म्हाताऱ्या माणसांचे पाय घसरतात, असं सगळं नीट समजावलं. तू मान डोलावलीस. परतताना मात्र म्हणालीस, "सर चांगले आहेत गं. पण बाहेरून चढताना खाली कोण चाललंय ते दिसतं, हे त्यांना नाही सुचलं." मार्क बेताचेच पडले. पडायलाच हवे होते. पण त्या दिवसापासून प्रत्येक ज्युरीत सर पहिला प्रश्न हाच विचारायचे, "यातलं आत्यांनी काय लावलंय?"

आणि आत्या, हळूहळू त्याचं उत्तर अवघड व्हायला लागलं. तू हात लावला नाहीस तरी तुझं काहीतरी त्यात असायचंच. तिसऱ्या वर्षी घाटकोपरला मोठी वसाहत काढायची होती. मी हट्टाने घरातल्या प्रत्येक माणसाला एक दार दिलं. तू प्लॅनवर बोट फिरवत दारं शोधत गेलीस आणि म्हणालीस, "हे सगळे एकमेकांवर रुसलेत काय?" मी रागावून दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू कॉटवर बसून, मला ऐकू येईल अशा आवाजात, शेजारच्या काकूंना सांगत होतीस की आमच्याकडे पण एक दार रुसलंय. तिसऱ्या दिवशी मी प्रत्येक मजल्यावर जिन्यापाशी एक रुंद जागा काढली, नुसती बसायला. सरांनी त्या जागेभोवती लाल पेन्सिलने गोल काढला आणि लिहिलं, 'हे उत्तम.' तो कागद तू फ्रिजवर लावलास. तो अजून तिथेच आहे. त्याच्यावर हल्ली पाण्याच्या टाकीच्या वेळा लिहिलेल्या आहेत.

चौथ्या वर्षी मी अंधेरीच्या एका ऑफिसात ट्रेनिंगला होते आणि सहा महिने फक्त संडासबाथरूमच्या टाइल्सची ड्रॉइंग काढत होते. मला स्वतःची लाज वाटत होती. तू मात्र मुलुंडभर सांगत होतीस की भाची मोठ्या टॉवरचं काम बघते. मी म्हटलं, आत्या, फक्त बाथरूम. तू म्हणालीस, "टॉवरमधल्या माणसांना बाथरूम लागत नाही वाटतं?" त्या सगळ्या वर्षांत मी किती वेळा हे शिक्षण सोडून द्यायच्या गोष्टी केल्या आणि तू किती वेळा असल्या एखाद्या वाक्याने मला परत टेबलाशी बसवलंस, याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तू म्हणाली असतीस, बरं नाही का वाटत तुला. म्हणून इथे मानते. तू नसतीस तर मी तिसऱ्या वर्षीच कॉमर्सला गेले असते.

मग आला थिसिस. विषय माझा, पण मूळ तूच. नोकरी करून निवृत्त झालेल्या, एकट्या बायकांसाठी घरं, नाहूरला. तुझ्या जुन्या कंपनीतल्या तीन मैत्रिणींना तू माझ्यासाठी घरी जेवायला बोलावलंस आणि त्यांची मुलाखत मला घेऊच दिली नाहीस, सगळे प्रश्न तूच विचारलेस. तुझं म्हणणं सरळ होतं. लांबलचक व्हरांडा, ओळीने कॉट, प्रत्येकीला एक कपाट, बस. माझं म्हणणंही सरळ होतं. प्रत्येकीला खोली, खोलीला दार, दाराला आतून कडी.

"आतून कडी लावून कोणी पडली तर बाहेरची काय करणार?"

"बाहेरून उघडता येईल अशी कडी असते, आत्या."

"मग ती कडी कशाला म्हणायची?"

मी तडजोड म्हणून अर्धं दार सुचवलं, खालून बंद, वरून उघडं. तू म्हणालीस, अर्धं दार गोठ्याला असतं. बाबा मध्ये पडले आणि दोघींकडून ऐकून घेऊन परत पेपर वाचायला लागले. मी रोज दार काढायचे, मग खोडायचे. मला मनातून पटलेलं होतं की मी बरोबर आहे, आणि तरी तुला खोलीत कोंडल्यासारखं होईल ही कल्पना सहन होत नव्हती. कारण त्या प्लॅनमधल्या सगळ्या बायका तूच होतीस.

हॉस्पिटलमध्ये तू फार दिवस नव्हतीस. हृदय थकलंय, एवढंच डॉक्टर म्हणाले. दुपारच्या भेटीच्या वेळेला मी आले तेव्हा तू नर्सला तुझ्या खाटेभोवतीचा पडदा सारायला सांगत होतीस. ती म्हणाली, आजी, आराम करा. तू म्हणालीस, "आराम करतेच आहे. पण समोरच्या बाईंच्या मुलीचं लग्न ठरतंय, ते मला दिसायला नको?" मला बघून विचारलंस, "ठरलं का दाराचं?"

"नाही."

"बघ बाबा," म्हणालीस आणि माझा हात धरून समोरच्या बाईंच्या व्याह्यांबद्दल सांगायला लागलीस. संध्याकाळी तू गेलीस. तुझ्या या 'बघ बाबा'चा अर्थ लावायला मी सगळी ताकद लावली. परवानगी होती, की नाराजी, की नुसता विषय बदलायचा होता? मला अजून कळलेलं नाही.

तेराव्यानंतर बाबांनी तुझी कॉट घडी करून गच्चीच्या खोलीत ठेवली आणि मला म्हणाले, "मॉडेल मोठं आहे, तुझ्या गॅलरीत मावणार नाही. तू इथे टेबल टाक." तर शेवटचा आठवडाभर मी तुझ्या जागेवर बसून काम केलं. आत्या, तू तिथे झोपायचीस कशी? इस्त्रीवाला आला की कपडे माझ्या ड्रॉइंगवर. शेजारच्या काकू येऊन बसतात, "शालन असती तर" म्हणतात आणि उठून जातात. वॉचमन पाणी कधी जाणार ते मला सांगतो, मी ते आत ओरडून सांगते. चौथ्या मजल्यावरच्या मुलीला नोकरी लागली, ते आईच्या आधी मला कळलं. कामाची पार वाट लागली, पण तुझ्या मरणाचं जे ओझं मी गॅलरीत दार लावून उचलत होते, ते त्या जागेवर निम्मं झालं. एका सकाळी मी मनात म्हटलं, बाई जिंकली. दारं काढून टाकावीत.

आणि त्याच दुपारी, तुझ्या तीन मैत्रिणींपैकी एक तुला भेटायला आली. तिला कोणी कळवलंच नव्हतं. हातात तुझ्या आवडीच्या मालवणी खाज्याची पुडी होती. मी तिला सगळं सांगितलं, पाणी दिलं, खालपर्यंत सोडून आले. वर आले आणि मला रडू फुटलं, असं की थांबेना. तुझ्या जागेवर बसून रडता येईना. जिन्यावरून माणसं जात होती, दार उघडं होतं, काकू डोकावत होत्या. मी गॅलरीत पळाले, दार लावलं आणि मनसोक्त रडले. तोंड पुसताना एकदम मनात आलं. मला दार होतं. तू कुठे रडत होतीस? तुझं ठरलेलं लग्न मोडलं, आजी गेली, नोकरी संपली. एवढं सगळं त्या कॉटवर?

आई पोळ्या लाटत होती. तिला विचारलं, "आत्या कधी रडायची का गं?"

"म्हणजे काय. माणूसच होती ना."

"पण कुठे?"

"बाथरूममध्ये. नळ सोडून."

"तुम्हाला कळायचं?"

"एवढ्याशा घरात न कळायला काय झालं? नळ जरा जास्त वेळ वाहिला की तुझे बाबा टीव्हीचा आवाज वाढवायचे. ताईंना वाटावं, बाहेर कोणाला काही ऐकू गेलं नाही."

"आणि तिला तसं वाटायचं?"

आई हसली. तू गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली. "छे गं. त्यांना सगळं माहीत होतं. बाहेर आल्या की ओरडायच्या, किती मोठ्यांदा लावता रे, कान किटले. आणि आवाज कमी करायच्या. मग मी चहा टाकायचे. कोणी काही विचारायचं नाही."

मी परत टेबलाशी आले. मग खोडरबर घेतला.

पास झाले, हे आधीच सांगते, नाहीतर तू मध्येच विचारशील. मॉडेल बाबांनी मांडीवर आणलं. अख्खा रस्ता ते श्वास रोखून बसले होते, रिक्षावाल्याशी एक शब्द नाही. पवईला मात्र खाकरले आणि त्याला म्हणाले, "इथे जरा हळू. माझ्या बहिणीने इथे एकदा जिना लावला होता." त्याला काय कळलं असेल देव जाणे, पण त्याने रिक्षा हळू घेतली.

ज्युरीला सामंत सर होतेच, आणि बाहेरून आलेले एक परीक्षक, पांढऱ्या दाढीचे, मोजकं बोलणारे. मी सगळं सांगितलं. प्रत्येकीला खोली आहे. खोलीला दार आहे, पूर्ण, गोठ्याचं नाही. दाराला आतून कडी आहे. खोल्यांच्या मधोमध सगळ्यांची बसायची एकच मोठी जागा आहे, आणि इमारतीत येणारा प्रत्येक माणूस तिथूनच जातो. परीक्षकांनी दाराच्या वर पेन्सिल टेकवली. तिथे मी वीतभर उंचीची उघडी फट ठेवली होती, दाराच्या रुंदीएवढी.

"इथे काच राहिली."

"राहिली नाही सर. ठेवलीच नाही."

"आवाज बाहेर येईल."

"हो. येऊ दे."

"मग या दाराचा उपयोग काय?"

आत्या, हे मी तुझ्यासारखं, एका दमात सांगितलं. म्हटलं, आतली बाई दार लावून रडेल. बाहेरच्यांना ते ऐकू येईल. मग त्या बायका टीव्हीचा आवाज वाढवतील.

सामंत सर खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांनी नेहमीचा तो प्रश्न या वेळी विचारला नाही. परीक्षकांनी प्लॅन स्वतःकडे ओढला, मधली मोठी जागा नीट पाहिली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "पण टीव्ही कुठे दाखवलायस?"

कुठेच नव्हता. पाच महिने त्या प्लॅनवर काम केलं, खुर्च्या काढल्या, कुंड्या काढल्या, आणि टीव्ही राहिला. त्यांनी हातातली पेन्सिल माझ्यापुढे धरली. मी ती घेतली आणि त्या फायनल शीटवर, सगळ्या दारांना ऐकू जाईल अशा जागी, भिंतीला टेकून एक टीव्ही काढला.